वेबमास्टर आणि त्याचे वारसदार

सुतार म्हटला की लाकूड आणि कंपोझिटर म्हटला की खिळे डोळ्यांपुढे येतात. धंद्याचे नाव आणि हातातले काम यांची अशी गाठ बसण्यास काळ जावा लागतो. वेबच्या धंद्याला तेवढी उसंत मिळाली नाही. नोकरीची जाहिरात हाती घेऊन, 'एवढे सगळे एकट्याला आलेच पाहिजे काय?' असे मनाशी विचारणाऱ्या तरुणासाठी आम्ही या धंद्यातील पदनामांचा इतिहास थोडक्यात पाहणार आहोत.

आरंभ अगदी साधा होता. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. १९९० अखेर पहिला ब्राउझर व पहिला सर्व्हर चालू झाला आणि १९९१ साली तो बाहेरच्या जगाला खुला झाला. एचटीएमएल या भाषेत तेव्हा मोजक्याच खुणा होत्या. मजकूर लिहिणे, पान रचणे, सर्व्हर राखणे, आलेल्या पत्रांना उत्तरे देणे, ही सारी कामे बहुधा एकच माणूस करी. त्यालाच पुढे वेबमास्टर म्हणू लागले. तो सर्वज्ञ होता असे नव्हे. जाणण्यासारखे सर्वच थोडे होते.

१९९३ साली मोझेइक ब्राउझरने मजकुराच्या जोडीने चित्रे दाखविली आणि छपाईच्या जगातील कलावंत इकडे वळले. ते वेब डिझायनर झाले. पान सजविण्यास साधन नव्हते, म्हणून आकडेवारीसाठी केलेल्या तक्त्यांचे रकाने ताणून त्यांनी वेळ निभावली. हे साधन सुचविले होकोन व्यूम ली यांनी, १९९४ मध्ये. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसला मान्यता मिळाली. दरम्यान १९९५ च्या मेमध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. त्याच वर्षी सर्व्हरवर चालणारी पीएचपी आली. आता रंगरूप पाहणारा एक आणि यंत्राला आज्ञा देणारा दुसरा, अशी वाटणी झाली.

२००५ साली जेसी जेम्स गॅरेट यांनी 'एजॅक्स' हे नाव रूढ केले. सबंध पान पुन्हा न मागवता त्याचा तुकडाच बदलण्याची ही रीत होती. तिने ब्राउझरमधले काम इतके वाढविले की फ्रंट-एंड डेव्हलपर हा स्वतंत्र कारागीर ठरला. २००९ साली नोडमुळे जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही सुखाने नांदू लागली. एकच भाषा दोन्हीकडे चालते, तर माणूसही एकच का नको? मालकवर्गाने हा हिशेब चटकन मांडला आणि 'फुल स्टॅक' हे नाव जाहिरातींत झळकू लागले. २०१० साली ईथन मार्कोट यांनी लहानमोठ्या सर्व पडद्यांना जुळणाऱ्या मांडणीचा पाठ दिला. तीही अपेक्षा यादीत जमा झाली.

आमच्या मते खरी गोम येथेच आहे. नवे साधन आले की अपेक्षांची यादी वाढते. जुने कलम मात्र क्वचितच खोडले जाते. वेबमास्टर एकटा सारे करी, कारण ते सारे ओंजळीत मावत होते. आज त्याच एकटेपणाची मागणी होते, पण ओंजळीच्या जागी विहीर आहे. २०१९ साली क्रिस कॉयर यांनी दाखवून दिले की, फ्रंट-एंड या एकाच नावाखाली दोन भिन्न माणसे राबत आहेत: एक सजावटीत व सुलभतेत रमलेला, दुसरा जावास्क्रिप्टच्या यंत्रणेत. नाव एक असल्याने मुलाखतीत एकाची परीक्षा दुसऱ्याच्या विषयात होते आणि चांगला कारागीर नापास ठरतो.

२०२० साली गूगलने आपल्या मदतकेंद्राच्या नावातून 'वेबमास्टर' हा शब्द काढून टाकला. पदनाम असे ओसरले. पण सर्नचे ते पहिले पान आजच्या ब्राउझरमध्येही वाचता येते. तेव्हा मालकाने पदनामाऐवजी काम सांगावे आणि शिकणाऱ्याने नावामागे धावण्यापूर्वी पाया पक्का करावा, एवढेच आमचे मागणे आहे.