कागदाआधी खुणा वाचा

१/ सातारा-सांगलीकडील जुने दफ्तर प्रथमच उघडणारा गोंधळतो. मोडीत आधी आडवी रेघ ओढत, मग तिला अक्षरे लटकवीत. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. तरीही या कागदांवर राज्य चालले, ते ठरलेल्या खुणांच्या बळावर.

२/ माथ्यावर 'श्री'. राजपत्रावर वरच्या भागी शिक्का. हुकूम कोणाचा, हे त्यावरून कळे. १७०८ मध्ये साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. पुढे कारभार पुण्यास गेला, तरी पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव येई, मग स्वतःचे.

३/ अखेरीस लहान शिक्का, म्हणजे मोर्तब : मजकूर येथे संपला. त्याखाली घुसडलेली ओळ उघडी पडे. कागद जोडून लांब पत्र केले, तर सांध्यावर पाठीमागून शिक्का. मधला तुकडा बदलता येऊ नये म्हणून. 'शिक्कामोर्तब' हा शब्द इथला.

४/ तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र : पुढे मुसलमानी महिन्याची तारीख आहे.

५/ आकड्यापुढील उभ्या रेघा हा अपूर्णांक. १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन.

६/ मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दफ्तरातील पत्रे छापून अभ्यासकांना मोठे धन दिले. आज आपण मोबाइलवर लिप्यंतर करतो आणि ॥ हा पूर्णविराम समजून गाळतो. दीड खंडी धान्याचे एक खंडी होते. गावाच्या वसुलीतला तिसरा हिस्सा नाहीसा होतो.

७/ म्हणून लिप्यंतरात रेघ राखा, शिक्क्याची जागा नोंदवा. कागदाची निम्मी साक्ष अक्षरांबाहेर असते.