आशुरखान्याचे माळवद

आमच्या गावच्या आशुरखान्याची उत्तरेकडची भिंत तीन पावसाळ्यांपूर्वी बसली. रात्री बसली म्हणून कुणाला लागले नाही. सकाळी लोकांनी पाहिले तर माळवदाचा एक खण खाली आला होता आणि तुळई तिरपी लोंबकळत होती. पंज्यांची पेटी ठेवायची देवळी मात्र जशीच्या तशी उभी. मुजावर चाचांचा फोन आला तेव्हा मी लातूरला होतो. ते एवढेच म्हणाले, “बेटा, मौला का घर बैठ गया.”

गाव औसा-निलंगा पट्ट्यातले. नाव लिहीत नाही, कारण या कामावरून झालेला वाद अजून पुरता मिटलेला नाही.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आशुरखाना म्हणजे मशीद नव्हे आणि दर्गाही नव्हे. तिथे कुणाची कबर नसते, पाच वेळची नमाजही होत नाही. मोहरमचे दहा दिवस तिथे पंजे बसतात, समोर आलावा पेटतो, कत्तलच्या रात्री सवाऱ्या उठतात. उरलेले वर्ष ती बसायची जागा. आमच्याकडे शेजारीच चावडी होती. चावडीवर पाटील-कुळकर्ण्यांचा मान. महार-मांगांनी पायरीखाली उभे राहायचे. आशुरखान्याच्या ओट्यावर मात्र कुणीही टेकावे. सोयरिकी तिथे ठरल्या, बांधाची भांडणे तिथे मिटली, रझाकारांच्या दिवसांत कुणी कुणाच्या घरात लपायचे हेही तिथेच ठरले असे दादी सांगायची. उगीच गोड चित्र रंगवायचे नाही. फातेहाला पुढे कोण बसणार आणि मलिदा आधी कुणाला, यावरून तिथे डोकीही फुटलेली आहेत.

उत्तरेत ज्याला इमामबाडा म्हणतात, त्याला दक्खनमध्ये आशुरखाना म्हणतात. हा शब्द आला ‘आशुरा’वरून. आशुरा म्हणजे मोहरमची दहावी तारीख. हिजरी ६१, म्हणजे इ.स. ६८० मध्ये त्या दिवशी करबलाच्या मैदानात इमाम हुसैन शहीद झाले. दक्खनच्या सुलतानांपैकी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहने सोळाव्या शतकात शाह ताहिरच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला. गोवळकोंड्याची कुतुबशाही तर पहिल्यापासून शियाच. या राजवटींनी मोहरमला राज्याचा सण केले. राजवटी गेल्या, पण सण राहिला, आणि तो राहिला तो मुख्यतः सुन्नी मुसलमान आणि हिंदूंच्या घरांत. आमच्या गावात शिया एकही नाही, कधी असल्याचे कुणाला आठवतही नाही.

या साऱ्याचे मोठे घर हैदराबादला आहे. बादशाही आशुरखाना. मुहम्मद कुली कुतुबशाहने चारमिनारनंतर लगेच, म्हणजे १५९० च्या दशकात तो बांधला. आतल्या भिंतींवर पिवळ्या, निळ्या, हिरव्या चकचकीत तुकड्यांची नक्षी आहे आणि त्या नक्षीत पंज्यांचेच, म्हणजे अलमांचे आकार आहेत. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि या वास्तूचे दिवस फिरले. पुढे तिथे गाड्या आणि जनावरे बांधत असे सांगतात. जवळजवळ शंभर वर्षांनी निजाम अली खानच्या काळात ती पुन्हा उघडली, पुढे लाकडी खांबांचे दालन उभे राहिले. १९०८ मध्ये मुसी नदीला पूर आला आणि भिंतींच्या खालच्या भागातले तुकडे गेले. तिथे नुसत्या रंगाने नक्षीची नक्कल करून ठेवली आहे. जवळ गेले की फरक कळतो, दोन पावले मागे सरकले की कळत नाही. अलीकडच्या काळात आवारात दुकाने आणि बिऱ्हाडे शिरली. ती निघाली ती वर्षानुवर्षांच्या कोर्टकज्ज्यांनंतर, त्या घराशी बांधलेल्या लोकांनी पिच्छा पुरवला म्हणून.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो आमची भिंत पडल्यानंतर. त्या रंगवलेल्या भागासमोर बराच वेळ उभा होतो. गेलेले परत आणता आले नाही, म्हणून कुणीतरी ब्रश हातात घेतला. हे बरोबर की चूक, मला ठरवता आले नाही.

गावी परतलो तर बैठक लागलेली. दोन बाजू स्पष्ट होत्या. आमची तरुण पोरे म्हणत होती, पाडून टाका, स्लॅबचा शादीखाना बांधू. भाडे येईल, गरिबांच्या मुलींची लग्ने होतील. त्यातले काही जण जमातीत जाणारे. त्यांचे आणखी एक म्हणणे होते: पंजे बसवणे हीच बिदअत आहे, तर त्यासाठी लाकडे कशाला शोधायची? दुसरीकडे मुजावर चाचा आणि सवारी धरणारे एक मराठा अण्णा. अण्णांच्या घरात ही सवारी चार पिढ्यांपासून आहे. दहा दिवस ते चप्पल घालत नाहीत.

पोरांवर मला रागावता आले नाही, कारण विशीत मीही हेच बोलत होतो. दादी चोंगे घेऊन निघाली की मी दारात उभा राहून तिला शिर्क म्हणजे काय ते समजावायचो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “हाँ बेटा, अब हट, चोंगे ठंडे होते.” ती गेली त्या वर्षी मी मोहरमला गावात नव्हतो.

पण खरा पेच धर्माचा नव्हता, तो दगडमातीचा होता. बैठकीत एक म्हातारी उठली आणि म्हणाली, मी दगडाच्या भिंतीखाली लेकरू पुरलंय, मला पुन्हा दगडाची भिंत दाखवू नका. सगळे गप्प झाले. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती विसर्जन करून गाव झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे पुढे नव्या जागी वसवली. आमचे गाव त्या ५२ मध्ये नव्हते, पण म्हातारीचे माहेर होते. बाळंतपणानंतर ती तिथेच होती.

माणसे मारली ती भूकंपाने कमी आणि घरांनी जास्त. दोन-अडीच फूट रुंद भिंत, दोन्ही बाजूंना दगडांचे तोंड, मधे माती आणि खडी. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे काही नाही. वर माळवदाच्या पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची, म्हणजे आजोबांनी टाकलेली माती नातवाच्या डोक्यावर. जमीन हलली की भिंतीची तोंडे फुटून वेगळी होतात आणि ते सगळे ओझे खाली येते. भूकंपानंतर लाखो घरांच्या दुरुस्तीचा जो कार्यक्रम झाला, त्यात हेच शिकवले गेले: भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवा, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदाची माती कमी करा, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे लाकडी आधार द्या. गावोगाव संवाद सहायक म्हणून नेमलेल्या बायांनी हे घरोघरी सांगितले होते. त्यांच्यातली एक आमच्या बैठकीत बसली होती, आता तिला नातवंडे आहेत. तीच म्हणाली, पाडायची गरज नाही, मी सांगते तसे करा. तीस वर्षांनी तिला तो तिरप्या आधाराचा कोन हाताने दाखवता येत होता.

मधे कागदाचाही एक प्रकार झाला. जागा कुणाची, हे ठरल्याशिवाय एक वीट लावू नका असे सांगण्यात आले. एका सरकारी दफ्तरात मी पाच खेपा घातल्या. नोंद ‘सापडत नाही’. शेवटी मुजावर चाचांनीच पत्र्याच्या डब्यातून निजाम काळातला मुंतखब काढून दिला. वळणदार शिकस्ता अक्षर. मी मराठी शाळेत शिकलेलो, दादीने शिकवलेल्या उर्दूला ते पेलेना. मग नांदेडला देगलूर नाक्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून दुपारभर वाचले. जमीन मशरूत-उल-खिदमत होती, म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेली. सेवा कोणती? चिराग-बत्ती आणि अशऱ्याचा खर्च. आणि सेवा करणाऱ्यांची नावे दोन. एक मुजावर घराण्याचे. दुसरे ताशा वाजवणाऱ्या मांग घराचे.

हे दुसरे नाव गावात कुणालाच माहीत नव्हते. त्या घरातली माणसे आता पुण्यात असतात. मी फोन केला तर पलीकडच्या मुलाला वाटले, आपण जमिनीवर हक्क सांगू म्हणून हा घाबरून बोलतोय. खरे सांगायचे तर तो धाक मला होताच. बैठकीत तो कागद वाचून दाखवायचा की नाही, यावर मी दोन रात्री झोपलो नाही. वाचला. काही जण अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

काम दीड वर्ष चालले. लोकवर्गणी झाली, कुणी पैसे दिले, कुणी ट्रॅक्टर. पडलेल्या वाड्यांचे सागवान दोन घरांनी दिले. शादीखान्याचा हट्ट धरणाऱ्या पोरांपैकी तिघे गवंड्याच्या हाताखाली राबले. फातेहाला ते बसत नाहीत, आम्हीही आग्रह करत नाही. भिंतीत लांब दगड बसले, माथ्यावरून काँक्रीटचा पट्टा फिरला. माळवदावरून उतरवलेली माती मोजली तर तेरा ट्रॉल्या भरली. त्या पांढऱ्या मातीत जुन्या चिलमा निघाल्या, एक निजामाचा पैसा निघाला आणि लहान मुलाच्या हातातले काचेचे कंगन, अख्खे.

काँक्रीटचा पट्टा बाहेरून दिसतो. हैदराबादच्या त्या भिंतीसारखी त्यावर दगडाची नक्कल रंगवावी असे एकाने सुचवले. म्हातारी म्हणाली, राहू द्या, दिसू द्या. तो तसाच आहे.

गेल्या मोहरमला पंजे पुन्हा त्याच देवळीसमोर बसले. पुण्याहून तो मुलगा आला होता, आजोबांचा ताशा घेऊन. ताशाचे कातडे फाटलेले होते. गावात ते मढवणारा आता कुणी नाही, म्हणून नवे कातडे उदगीरहून आणावे लागले आणि पहिल्या दोन रात्री सवाऱ्या ताशाशिवायच उठल्या.