पेठ आणि तिचे धागे

बंगळूर शहरात चिकपेट व दोड्डपेट जेथे एकमेकींना छेदतात, त्या चौकातून केंपेगौडाने १५३७ साली चार दिशांना नांगर धरविले व त्या रेषांवर शहर वसविले, अशी आख्यायिका आहे. भोवती पेठा उठल्या. अरळेपेटेत कापूस, अक्किपेटेत तांदूळ, बळेपेटेत बांगड्या, कुंभारपेटेत मडकी, गाणिगरपेटेत तेल. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हा मराठी श्रोत्यांना या पेठा अगदीच परक्या वाटू नयेत.

ही नावे वाचली की वाटते, कोणता समाज कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे पाटीवरच लिहिलेले आहे. आम्हां कचेरीतल्या मंडळींच्या कोष्टकांचाही असाच समज असतो. घरी मराठी बोलणारा भावसार रंगारी मातृभाषेच्या रकान्यात एका ओळीत बसतो. पण त्याचे कापड एका समाजाकडून येते, रंगविलेला माल दुसऱ्याकडे जातो आणि उधारीची वही तिसऱ्याच भाषेत असते. हे देणेघेणे रकान्यात मावत नाही.

देण्याघेण्यावरूनच समूह ओळखावा, अशी एक रीत २००२ साली मिशेल गर्वन व मार्क न्यूमन या शास्त्रज्ञांनी मांडली. माणसे म्हणजे गाठी व व्यवहार म्हणजे धागे, असे जाळे कल्पावे. दर दोन गाठींमधली सर्वांत जवळची वाट काढावी आणि अशा अधिकात अधिक वाटा ज्या धाग्यावरून जातात, तो तोडावा. पुन्हा मोजावे, पुन्हा तोडावे. पेठेच्या आत धागे दाट असतात. एक तुटला तरी दुसऱ्यावरून जाता येते. दोन पेठांमध्ये मात्र ते मोजकेच, म्हणून सारी वर्दळ त्यांच्यावर पडते. ते गळाले की जाळ्याचे पुंजके सुटे होतात. या पुंजक्यांतले धागे निव्वळ योगायोगाने पडले असते त्याहून किती अधिक आहेत, हे पाहून तोडणे कोठे थांबवावे ते ठरते.

रीत मोठी चतुर आहे. मला खटकते ते एवढेच, की समूह सापडावा म्हणून पहिला बळी जातो तो शहर सांधणाऱ्या धाग्याचा, दलालाचा, सावकाराचा.

चैत्री पौर्णिमेच्या रात्री तिगळ समाजाचा करग धर्मरायाच्या देवळातून निघतो, पेठापेठांतून फिरतो आणि अरळेपेटेतील तवक्कल मस्तान दर्ग्यापाशी थांबतो. जाळ्याच्या गणितात हा धागा बहुधा पहिल्याच फेरीत तुटला असता. आमच्या कोष्टकात तर त्याला रकानाच नाही. दर्ग्यापाशी मान घेऊन करग पुढे निघतो आणि रात्र सरता सरता देवळात परततो.