विडाल रिपोर्टमधले 'ओ' आणि 'एच'

टायफॉइडच्या विडाल टेस्टचा रिपोर्ट तुम्ही पाहिला असेल. ओ, एच, एएच, बीएच अशा चार ओळी आणि पुढे १:८०, १:१६० असे आकडे. १:१६० म्हणजे सीरम १६० पट पातळ केलं तरी जंतूंच्या गुठळ्या झाल्या. पण हे जंतू कुठले?

१८९६ साली पॅरिसमध्ये फर्नां विडाल यांनी दाखवलं की टायफॉइडच्या रुग्णाचं सीरम टायफॉइडच्या जंतूंमध्ये मिसळलं की ते एकमेकांना चिकटतात. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात एडमंड वाइल आणि आर्थर फेलिक्स प्रोटियस नावाच्या जंतूवर काम करत होते. पोहणारे जंतू काचेवर श्वासाची वाफ धरावी तसे पसरत. त्या वाफेच्या जर्मन शब्दावरून 'एच' आलं, 'वाफेशिवाय' यावरून 'ओ'. एच हे जंतूच्या शेपटीवरचं अँटिजेन, ओ हे अंगावरचं.

दोन्ही एकाच जंतूवर असतात. वेगळी होतात ती बनवण्याच्या रीतीने. एचसाठी वाढवलेल्या जंतूंत ०.१ टक्का फॉर्मेलिन घालतात. जंतू मरतात, शेपट्या टिकतात. ओसाठी जंतू फिनॉल घातलेल्या आगरवर वाढवतात, म्हणजे शेपट्या फुटतच नाहीत. मग वीसपट अल्कोहोल घालून ४० ते ५० अंशांवर अर्धा तास तापवतात. फॉर्मेलिन घातलेले जंतू ओसाठी चालत नाहीत, कारण शेपट्या अंगावरचं ओ झाकून टाकतात.

१९३४ साली फेलिक्स आणि पिट यांना आणखी एक थर सापडला, 'व्हीआय'. ताज्या जंतूवर हे आवरण असलं, तर रुग्णाच्या रक्तात ओविरुद्ध अँटिबॉडी असूनही गुठळ्या होत नाहीत. जंतू उकळले की आवरण सुटतं आणि तेच सीरम गुठळ्या करतं. रुग्ण तोच, रक्त तेच, उत्तर उलटं.

हे सगळं दरेकसासारख्या ठिकाणी महत्त्वाचं ठरतं. सालेकसा तालुक्यातल्या या जंगलपट्टीत पावसाळी ताप मलेरियाचा की टायफॉइडचा, हे नुसत्या लक्षणांवरून सांगणं कठीण. मलेरियाच्या रुग्णातही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. जुन्या लसीमुळे किंवा पूर्वीच्या आजारामुळे एचचा आकडा वर्षानुवर्षं चढलेला राहतो. त्यात किटमधलं अँटिजेन नीट तयार झालेलं नसेल, तर आकडा आणखी फसवतो. मलेरियाच्या माणसाला टायफॉइडची औषधं मिळाली, तर मधले दिवस जिवावर बेततात.

म्हणून एका रिपोर्टवर थांबू नये. आठवडाभराने, शक्यतो त्याच किटवर, दुसरा नमुना तपासून आकडा चौपट झाला तरच त्याला वजन येतं. आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर आणि मलेरियाची तपासणी डॉक्टरांकडून मागून घ्यावी.