ई-हक्क: घरबसल्या वारस नोंदीचा अर्ज करताना तुमचे लॉगिन कुठपर्यंत पोहोचते?

शेती राहात्यात आणि नोकरी पुण्यात. वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी रजा काढून तलाठी कार्यालयात खेपा घालाव्या लागायच्या. महसूल विभागाच्या ई-हक्क प्रणालीत आता खाते उघडून हा अर्ज ऑनलाइन देता येतो. बोजा चढवणे, कमी करणे, मयताचे नाव कमी करणे यांचेही अर्ज इथूनच जातात.

मग बाहेरचा माणूस थेट सातबारा बदलू शकतो का? नाही. तुमचे लॉगिन फक्त अर्ज आणि कागद जमा करण्यापुरते. पुढे तो अर्ज तलाठ्याच्या (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) लॉगिनला दिसतो. कागद तपासून ते ई-फेरफारमध्ये फेरफार घेतात, हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यावर नाव लागते.

कच्चा दुवा वेगळाच आहे. नेट कॅफेत अर्ज भरून घेताना पासवर्डही तिथेच ठेवून येणे सर्रास चालते. त्या खात्यात मृत्यू दाखला, वारसांची नावे, गट नंबर सगळे असते. अर्ज खुशाल दुसऱ्याकडून भरून घ्या. मोबाइल नंबर मात्र स्वतःचाच द्या आणि घरी येताच पासवर्ड बदला.