उत्तर येण्याआधीचा ‘ऑल ओके’

आजचा इतिहास रणांगणाचा नाही, वेबपानांच्या चाचण्यांचा आहे. फौजेत ‘ऑल ओके’ रिपोर्टला किंमत असते ती एका अटीवर: गस्त परत आलेली असली पाहिजे. गस्त बाहेर असताना दिलेला ‘ऑल ओके’ म्हणजे नुसता अंदाज. आजची गोष्ट याच अटीची आहे.

१९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. ही भाषा एका वेळी एकच काम करते, पण निरोप पाठवून उत्तरासाठी खोळंबत नाही, पुढच्या कामाला लागते. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवण्याची सोय आली. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीचं ‘एजॅक्स’ असं बारसं केलं.

इथे चाचणी करणाऱ्यांची पंचाईत झाली. ‘यादी दिसली का?’ असं चाचणी विचारते, तेव्हा यादी वाटेतच असते. त्याहून घातक प्रकार दुसरा. तपासणी उत्तर आल्यावर व्हायची असते, पण चाचणी त्याआधीच संपते. काहीच तपासलं गेलं नाही, तरी दिवा हिरवा!

पहिला उपाय घड्याळाचा: दोन सेकंद थांबा, मग बघा. सर्व्हर मंद असला की दोन सेकंद अपुरे, जलद असला की वाया. म्हणून चाचणीची साधनं खुणेवर चालू लागली. जॉन रेसिग यांच्या क्यूयुनिटमध्ये ‘स्टॉप’ म्हटलं की चाचणी थांबे आणि ‘स्टार्ट’ म्हटलं की पुढे सरके. २०११ मध्ये आलेल्या मोकामध्ये काम संपल्याची खूण होती ‘डन’. २०१५ मध्ये ‘प्रॉमिस’ आणि २०१७ मध्ये ‘असिंक-अवेट’ जावास्क्रिप्टच्या मानकातच आले. थांबणं भाषेचाच भाग झालं.

२०१८ मध्ये केंट डॉड्स यांची रिॲक्ट टेस्टिंग लायब्ररी आली. तिचा आग्रह असा की कंपोनंटच्या पोटात डोकावू नका, वापरणाऱ्याला जे दिसतं ते तपासा. तिचं ‘फाइंडबाय’ एरवी एक सेकंदापर्यंत पुन्हा पुन्हा पाहतं. वस्तू दिसली की लगेच पुढे जातं, नाही दिसली तर चाचणी नापास करतं. म्हणजे घड्याळ उरलं ते फक्त शेवटची मुदत म्हणून.

साधनं सुधारली, तरी धोका टळलेला नाही. एक ‘अवेट’ लिहायचा राहिला की तोच खोटा हिरवा दिवा पुन्हा लागू शकतो. म्हणून तरुण मित्रांना एकच सांगणं: चाचणी लिहून झाली की कंपोनंट मुद्दाम मोडून बघा. दिवा लाल झाला, तरच त्याच्या हिरव्यावर भरवसा ठेवा. त्या दिव्याकडे पाहूनच कुणाचं तरी तिकीट, कुणाचं तरी पेन्शन दाखवणारं पान लोकांसमोर जातं.

जय हिंद.