साच्यांचा प्रवास

गेल्या उन्हाळ्यात बाबा तीन महिने आमच्याकडे एश्बॉर्नला होते. एके दिवशी टपालपेटीत कस्टम्सची चिठ्ठी आली. पार्सलवर किंमत नीट लिहिलेली नाही, बिल घेऊन समक्ष या. "सरकारी कागद आहे, मीही येतो," म्हणत बाबा बरोबर निघाले. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने कागद कापायची सुरी पुढे केली, मी खोके उघडले आणि आतून एक लाल-निळा ट्रक निघाला. हा ट्रक उलगडला की यंत्रमानव होतो. अधिकाऱ्याने बिलावरचा आकडा पाहिला, मग मला पाहिले आणि विचारले, मुलासाठी का? मी खरे ते सांगितले. बाबांना जर्मन येत नाही, पण हसणे कोणत्या जातीचे आहे ते कळते.

पूर्वी युरोपबाहेरून येणाऱ्या २२ युरोपर्यंतच्या वस्तूंना मूल्यवर्धित कर माफ होता. १ जुलै २०२१ पासून ती सवलत गेली. माझा ट्रक तसाही त्या मर्यादेच्या फार वरचा होता, त्यामुळे एकोणीस टक्के मुकाट्याने भरले. परतताना बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र माझ्या खोलीतल्या फळीसमोर बराच वेळ उभे राहिले.

वाचकहो, आपल्या मंडळात छंदांची उणीव नाही. गणपतीच्या कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलावर बसले की कोणाकडे लायका निघतो, कोणाकडे मेर्कलिनची आगगाडी, कोणाकडे घड्याळे, तर कोणी ध्वनिवर्धकांच्या तारांवर तासभर बोलू शकतो. पगार चांगले आहेत, घरे लहान आहेत आणि पाऊस फार. माझा छंद रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांचा. इतरांचा छंद प्रौढांचा आणि माझा पोरकट समजला जातो. याबद्दल माझी थोडी तक्रार आहे, पण असो.

बाबांनी एकतीस वर्षे भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे बनवले. १९८९ च्या सुमारास, मी नऊ वर्षांचा असताना, लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानाच्या काचेआड मी जी. आय. जो नावाचा बोटभर उंचीचा सैनिक पाहिला आणि हट्ट धरला. बाबांनी तो हातात घेतला, उलटा केला, कडेवरून नख फिरवले आणि किंमत विचारली. मग दुकानदारालाच ऐकवले, "प्लॅस्टिक किती ग्रॅम आहे यात?" सैनिक मिळाला नाही. नट-बोल्टांचा एक संच मिळाला, ज्याच्यामुळे मी इंजिनिअर झालो असे बाबांचे मत आहे.

त्या सैनिकाचा आणि परवाच्या ट्रकचा वंश एकच आहे. हे मी त्या संध्याकाळी बाबांना सांगितले, तेच इथे जरा व्यवस्थित मांडतो.

अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये जी. आय. जो बाजारात आणला. तो सुमारे तीस सेंटिमीटर उंच होता आणि त्याचे सांधे हलत. मुलगे बाहुल्यांशी खेळणार नाहीत, म्हणून त्याला बाहुली म्हणायचे नाही असा दंडक होता. जपानच्या ताकारा कंपनीने त्याचा परवाना घेतला. युद्ध हरलेल्या देशात अमेरिकन सैनिक किती खपणार? तेव्हा ताकाराने तेच शरीर पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये ओतले, आत यंत्रे दिसतील असे केले आणि १९७२ मध्ये त्याला 'हेन्शिन सायबॉर्ग' म्हणून विकले. हेन्शिन म्हणजे रूपांतर. पुढच्याच वर्षी तेलाचे संकट आले. प्लॅस्टिक तेलापासून होते, त्यामुळे तीस सेंटिमीटरचे खेळणे महाग झाले. १९७४ मध्ये त्याचा दहा सेंटिमीटरचा धाकटा भाऊ आला, 'मायक्रोमॅन'. १९८० मध्ये त्याच घराण्यात 'डायाक्लोन' जन्मले. त्यात माणूस अगदी नखाएवढा झाला आणि त्याच्या पायांत लोहचुंबक आले, कारण आता त्याला एका यंत्रात बसायचे होते. १९८२ पासून ते यंत्र म्हणजे हुबेहूब मोटारगाडी, जी उलगडली की यंत्रमानव.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या दृष्टीने खरी गंमत इथे आहे. मोटारीचे टप म्हणजे यंत्रमानवाचे पाय, बॉनेट म्हणजे छाती, दारे म्हणजे पंख. प्रत्येक तुकड्याला दोन कामे, आणि दोन्ही ठिकाणी तो मुळातलाच वाटला पाहिजे. सांधा सैल असेल तर यंत्रमानव उभा राहणार नाही, घट्ट असेल तर मुलाच्या हातून मोडेल. शोजी कावामोरी हा तेव्हा जेमतेम विशीतला तरुण या घडणीत होता. तो लेगोच्या ठोकळ्यांनी नमुने जुळवून पाहतो, असे त्याने सांगितले आहे. मी पीएच.डी.साठी यंत्रांच्या सांध्यांवर चार वर्षे घालवली, पण इतके चपखल उत्तर मला एकदाही सापडले नाही.

हॅस्ब्रोच्या लोकांनी हे जपानी खेळणे पाहिले, परवाना घेतला आणि १९८४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने ते अमेरिकेत आले. नावे आणि स्वभाव ठरवण्याचे काम मार्व्हल या चित्रकथांच्या कंपनीकडे गेले. तिथल्या बॉब बुडियान्स्कीने बहुतेक पात्रे लिहिली. कथेत हे यंत्रमानव दुसऱ्या ग्रहावरचे सजीव झाले, त्यांना चालकाची गरज उरली नाही. पण साचे जुनेच! म्हणून त्या पहिल्या खेळण्यांपैकी कित्येकांत चालकाची छोटीशी खोबण आहे, आणि तिच्यात बसायला कोणी नाही. मी डायनासोरचे खोके उघडून बाबांना ती रिकामी बैठक दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खोबणीत करंगळीचे नख घालून पाहिले आणि म्हणाले, "साचा बदलायला पैसे लागतात. गोष्ट बदलायला कुठं लागतात?"

खलनायक मेगाट्रॉनची कथा आपल्या जर्मनीशी जोडलेली आहे. त्याचे दुसरे रूप म्हणजे वाल्थर पी-३८ हे जर्मन पिस्तूल, तेही इतके हुबेहूब की आज तसे खेळणे कोणी काढणार नाही. हॅस्ब्रोने १९८४ मध्येच मिल्टन ब्रॅडली कंपनी घेतली होती, आणि युरोपात ही खेळणी त्याच नावाखाली आली. माझ्या वयाच्या जर्मन सहकाऱ्यांच्या खोक्यांवर म्हणूनच एम. बी. ही अक्षरे असतात.

आता भारत. जुन्या साच्यांना अमेरिकेत काम उरले नाही की हॅस्ब्रो ते दूरदेशी पाठवी. ब्राझीलला गेले, अर्जेंटिनाला गेले, आणि आपल्याकडेही आले. एम. आर. एफ. आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये फनस्कूल कंपनी काढली आणि कारखाना गोव्यात उभारला. परदेशी खेळण्यांच्या आयातीवर तेव्हा बंधने होती, त्यामुळे बहुतेक मुलांना मिळाला तो हाच सैनिक. साचा अमेरिकन, पण रंग आपले. मूळचा खाकी सैनिक इथे पिवळा-निळा होई. आम्हाला ते चुकीचे आहे हे माहीतच नव्हते. पुढे अमेरिकेतले संग्राहक नेमके हेच चुकीच्या रंगांचे भारतीय सैनिक शोधू लागले.

"म्हणजे तू मागत होतास तो गोव्यात बनत होता?" बाबांनी विचारले. मी हो म्हणालो. ते थोडा वेळ गप्प बसले. मला वाटले, आता काही हळवे बोलतील. ते म्हणाले, "वापरलेला साचा. म्हणजे साच्याचा खर्च आधीच वसूल झालेला. तरी एवढी किंमत? मी बरोबरच होतो."

बाबांना आणखी काही दाखवावे म्हणून एका रविवारी एस-४ ने क्रोनबर्गला गेलो. आपल्या एश्बॉर्नहून अवघी काही मिनिटे. ब्राउन कंपनीचे हे गाव. डीटर राम्स आणि हान्स गुगेलोट यांनी १९५६ मध्ये केलेला रेडिओ-ग्रामोफोन, ज्याला लोक पारदर्शक झाकणामुळे 'स्नो व्हाइटची शवपेटी' म्हणू लागले, तो याच कंपनीचा. १९९० च्या सुमारास ब्राउनने हाय-फाय यंत्रे बनवणे थांबवले आणि जुन्यांच्या किमती चढल्या. गावातून फिरताना मी बाबांना हे सांगत होतो. बाबांचा प्रश्न एकच होता, "बंद पडला की दुरुस्त कोण करतं?"

हा प्रश्न सगळ्याच संग्राहकांना कधीतरी गाठतो. मेर्कलिनच्या युद्धापूर्वीच्या काही गाड्यांना 'त्सिंकपेस्ट' नावाचा रोग होतो. जस्ताच्या ओतकामात शिशाची भेसळ राहिली तर धातू कणाकणांच्या सीमेवरून आतून कुजतो, फुगतो, तडकतो. उपाय एकच, मुळातच ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरणे. बाबांना हे सांगावे लागले नाही. त्यांनीच मला सांगितले, आणि नाव न घेता एका भट्टीवाल्याला शिव्याही घातल्या. माझ्या यंत्रमानवांचा रोग वेगळा आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी सोनेरी झाक असलेले जे प्लॅस्टिक निघाले, ते वर्षांनी बिस्किटासारखे ठिसूळ होते. माझ्याकडे तसा एक होता. दहा वर्षे मी तो खोक्यातून काढला नव्हता, मोडेल म्हणून. त्या आठवड्यात बाबांना दाखवायला काढला, खांदा फिरवला, आणि हात माझ्या हातात आला. कोणीच काही बोलले नाही. सौ.ने खालचा चुरा भरला.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुले. ते बघितलेल्यांना आठवत असेल, तिथे गाड्या चालवून दाखवतात. चालणारी गाडी झिजते, तिला तेल लागते, रूळ पुसावे लागतात. मला वाटते जोशींनी छंदाची अवघड बाजू पत्करली. आम्ही खोकी बंद ठेवून किंमत राखणारे सोप्या बाजूचे. ताकाराने २००३ पासून 'मास्टरपीस' मालिका काढली ती आमच्यासारख्या पगारदार चाळिशीकरांसाठीच. २०२१ मध्ये तर मोटारींच्या जोरावर आपोआप रूप बदलणारा यंत्रमानव ६९९ डॉलरना आला. तो मात्र मी घेतला नाही. सगळे तोच करणार असेल तर माझ्या हातांनी काय करायचे?

बाबा परत निघाले तेव्हा मी कस्टम्समधून आणलेला तो ट्रक त्यांच्या बॅगेत घातला, पुण्यातल्या भाच्यासाठी, खोक्याशिवाय. बॅगेत वजन जास्त होत होते. दोन आठवड्यांनी फोन आला. भाचा पंचेचाळीस सेकंदांत रूपांतर करतो, मला अजून दोन मिनिटे लागतात. डावी मूठ हरवली आहे. बाबांनी उजवीचे माप घेतले आहे आणि भोसरीतल्या एका जुन्या मित्राकडे ॲल्युमिनियमचा तुकडा बघायला सांगितला आहे.